दोन वर्षांचा करार आणि रमाईचे नाव

२०२३ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मुलांना शाळेला सुट्ट्या होत्या. मी मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते. हे कामावरून आले आणि एक झेरॉक्स मशीनच्या फळीवर ठेवून, काही न बोलता, मोरीत हातपाय धुवायला गेले. कागदावर हिंदीत छापले होते की दुबईत वेल्डर पाहिजेत. पगार १४०० दिरहम, राहणे-जेवण कंपनीचे, करार दोन वर्षांचा. खाली पेनाने कोणीतरी आकडा लिहिला होता, १,३०,०००. आणि त्याच्याही खाली तीन शब्द, 'फॅमिली बाद में'.

माझी नजर त्या तीन शब्दांवरच अडकली. त्या रात्री आमच्या घरात जेवताना कोणीच फारसे बोलले नाही.

आम्ही शहाद्याचे. यांचा धंदा वेल्डिंगचा. आमचा तालुका ऊस, कापूस, केळी आणि पपईचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, शेडचे अँगल, दुकानांची शटरे, घरांच्या ग्रिल, एवढ्यावर एक लहानसे दुकान चालायचे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ते बंद पडले ते पडलेच. भाडे थकले, वेल्डिंगचे मशीन विकावे लागले. त्यानंतर हे दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये ६०० रुपये रोजाने जाऊ लागले, तेही महिन्यातून वीस दिवस. मी सकाळी शाळेत मुलांची खिचडी शिजवायची आणि दुपारून शिवणकाम करायची. दोघांचे मिळून १७,००० च्या आसपास यायचे. घरखर्च १३,००० आणि गटाच्या कर्जाचा हप्ता ५,०००. दर महिन्याला हजार रुपये कमी पडायचे, आणि कोणी आजारी पडले की त्याहून जास्त. मोठी मुलगी तेव्हा नववीत होती, धाकटा तिसरीत. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या. अशा घरात दुबईचा कागद आला तर तो फाडून टाकावा असे कोणाला वाटेल? मलाही वाटले नाही, हे आधीच कबूल करते.

घर सोडून जाणे आमच्या भागाला नवे नाही. दसरा झाला की सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी बांधव ट्रकमध्ये संसार भरून बारडोलीकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पोरे फडाच्या कडेला पालात राहतात. कुटुंबासकट परगावी जाणे म्हणजे काय ते मी या मुलांकडे पाहून शिकले, कारण दसऱ्यानंतर शाळेत खिचडीची ताटे कमी होतात, ती उन्हाळ्यापर्यंत कमीच राहतात.

आपल्या समाजाचे जाणे निराळे होते. खेड्यात राहून महारकी सुटणार नाही, खेडे सोडा, असे बाबासाहेब सांगत असत. ते ऐकून आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत गेली. यांचे मोठे काका भुसावळला रेल्वेत लागले. क्वार्टर मिळाले, बायको-मुले मागोमाग गेली, मुले रेल्वेच्या शाळेत शिकली. त्या घरातली तिन्ही मुले आज पगारदार आहेत. माझे सासरे मात्र उकाई धरणाच्या कामावर गेले. तापीवरचे ते धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि सासरे परत शहाद्याला आले, गेले होते तसेच. एकाच घरातले दोन भाऊ, दोघांनीही गाव सोडले. एकाचे घर वर आले, दुसऱ्याचे नाही. नशीब म्हणून मी हे सोडून देत नाही. भुसावळला माणसाच्या मागे त्याचे घर गेले, शाळा मिळाली, युनियन मिळाली, विहार मिळाला. उकाईला काम संपले आणि माणूसही संपला.

म्हणून मी वही काढली. शिवणकामाचा हिशेब लिहायची तीच वही, मागच्या बाजूने उघडली.

दिरहम त्या वेळी पावणेतेवीस रुपयांच्या आसपास होता. १४०० दिरहमचे बत्तीस हजारांच्या आत येत होते. मोबाइल, साबण, एखादा चहा धरून यांनी महिन्याला २५,००० पाठवले असते. माझे ५,००० धरले तर ३०,०००. एक माणूस कमी म्हणून घरखर्च ११,५००, गटाचा हप्ता ५,०००. उरले १३,५००. आकडा पाहून क्षणभर मलाच धीर आला. पण एजंटाचे १,३०,००० आणायचे कुठून? शेकडा तीनने. म्हणजे पहिल्याच महिन्याला ३,९०० रुपये व्याज. मुलीने कॅल्क्युलेटरवर महिना-महिना करून दिले. दर महिन्याचे १३,५०० सगळेच्या सगळे भरले तर ते कर्ज फिटायला बारा महिने लागतात. म्हणजे पहिले वर्ष जाण्यासाठी काढलेले कर्ज फेडायचे आणि दुसऱ्या वर्षी काय ते आपले, तेही पगार वेळेवर झाला तर. एक-दीड लाख उरले असते. कमी नाहीत. ज्यांच्या घरात दर महिन्याला हजार रुपये उसने आणावे लागतात त्यांनी दीड लाखाला नाक मुरडू नये.

एजंट सुरतचा होता. मी त्याच्याशी फोनवर बोलले. बोलायला अगदी गोड. "भाभी, दो साल की तो बात है," म्हणाला. यांचे शिक्षण नववी नापास, त्याचाही त्याने तोडगा सांगितला. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर शिक्का पडतो, मग सरकारी परवानगी लागते, उशीर होतो, म्हणून आपण व्हिजिट व्हिसावर जायचे आणि तिथे पोहोचल्यावर कामाचा व्हिसा करून घ्यायचा. सगळे असेच जातात, असे तो म्हणाला.

आमच्या विहारात पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत. कोणाचा फॉर्म भरायचा असेल, कोणाला नोटीस आली असेल, तर रविवारी वंदना झाल्यावर लोक त्यांच्याकडे जातात. मी तो झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, "ताई, एजंटाचा नोंदणी नंबर कुठे आहे?"

नंबर नव्हता. मग काकांनी जे समजावले ते इथे लिहिते, कारण असे झेरॉक्स फक्त आमच्याच घरात येतात असे मला वाटत नाही. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे भारत सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर असते. एजंटाने कामगाराकडून घ्यायची फी नियमाने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर कर, एवढीच. आमच्याकडे मागितले होते त्याच्या चौपटीहून जास्त. आणि तो शिक्का! दहावी न झालेला माणूस आखाती देशांत कामाला निघाला की त्याचा करार प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातो. मालक कोण, पगार किती, हे तिथे नोंदले जाते. शिवाय प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा अपघाती विमा त्याला काढावाच लागतो, आणि त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये. "शिक्का म्हणजे अडथळा नव्हे, ताई, ते कुंपण आहे," काका म्हणाले. "व्हिजिट व्हिसावर जाणारा माणूस कुंपण ओलांडून जातो. तिथे त्याचे काही झाले तर तो कामगार म्हणून गेलाच नव्हता, असे कागद सांगतो."

घरी येऊन मी वहीत दुसरा हिशेब मांडला. नियमाची फी, वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट, नाशिक-मुंबईच्या खेपा, सगळे मिळून ५०,००० धरले. तेच व्याज, तेच १३,५००. चार महिन्यांत फिटते. बारा महिने आणि चार महिने. मधल्या आठ महिन्यांत माझ्या मुलांचा बाप कोणासाठी लोखंड जोडणार होता, ते त्या दिवशी कळले.

आता 'फॅमिली बाद में'विषयी. मुलीने हे तीन शब्द वाचले होते. तिने शाळेच्या ग्रंथालयातून नकाशाचे पुस्तक आणले होते आणि भावाला दुबई दाखवली होती. धाकट्याने विचारले, "तिथे मराठी शाळा आहे का?" मला उत्तर माहीत नव्हते म्हणून तेही काकांनाच विचारले. संयुक्त अरब अमिरातीत बायको-मुलांना बोलावून घ्यायचे तर माणसाचा पगार निदान ४००० दिरहम लागतो, किंवा ३००० आणि वर कंपनीचे घर. १४०० वाल्याला तो दरवाजाच नाही. दोन वर्षांनीही नाही, दहा वर्षांनीही नाही, कारण वेल्डरचा पगार वाढून तिप्पट होत नसतो. परक्या देशाच्या मुलांना तिथे बहुतेक फी भरून खासगी शाळांतच शिकावे लागते, ते आणखी वेगळे. म्हणजे एजंटाने पेनाने लिहिलेले ते तीन शब्द शुद्ध खोटे होते. पैशाच्या खोटेपणाचा मला इतका राग आला नाही जितका याचा आला. पोराला नकाशात जागा दाखवून झाली होती.

काही लोक म्हणतात, आखात नको, अमेरिका-कॅनडाला जा, तिथे कुटुंब नेता येते. नेता येते, पण कशा वाटेने? शेजारच्या गुजरातेतले डिंगुचा गाव आता सगळ्या जगाला माहीत आहे. त्या गावचे एक जोडपे आपली ११ वर्षांची मुलगी आणि ३ वर्षांचा मुलगा घेऊन, कॅनडातून चोरवाटेने अमेरिकेत शिरायला निघाले होते. १९ जानेवारी २०२२ रोजी सरहद्दीपासून अगदी थोड्या अंतरावर चौघेही बर्फात गोठलेले सापडले. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि विसरलेही होते. त्या तीन शब्दांनी ती परत आठवली. आणि अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने लष्करी विमानाने हातापायांत बेड्या घालून आपली माणसे अमृतसरला आणून सोडली, ते तर सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिले.

जर्मनीचीही चर्चा झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्याच्या बातम्या पेपरात आल्या होत्या. ती वाट सरळ आहे, पण आधी जर्मन भाषा शिकायची. हे म्हणाले, "मला इंग्रजी आले असते तर नववीत कशाला नापास झालो असतो?" त्या महिन्यात घरात एवढे एकदाच सगळे हसलो.

माझा मावसभाऊ कुवेतला सहा वर्षे होता, २०१९ ला परत आला. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला म्हणून आला तेव्हा आमच्याकडे मुक्काम केला. मी यांच्यासमोर त्याला विचारले, "दादा, खरे सांग, जावे का?" तो लगेच नाही म्हणाला नाही. त्या पैशांतून त्याने घरावर स्लॅब टाकला, बहिणीचे लग्न केले, ते त्याने मोजून सांगितले. मग म्हणाला, "एका खोलीत आठ जण. तेही चालते. पण पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा मुलासाठी बूट आणले होते, चांगले महागाचे. त्याच्या पायात गेलेच नाहीत. मी निघताना बघितलेल्या मापाचे आणले होते."

त्याने आणखी एक सांगितले. तिकडे कोणी जात विचारणार नाही, या आशेने तो गेला होता. आपल्यापैकी बऱ्याच जणांना परदेशाची ओढ असते ती पैशापेक्षा या कारणाने, हे बोलून दाखवत नसले तरी. कंपनीचा अरब मालक जात विचारत नव्हता हे खरे. पण खोलीतल्या आठांपैकी एकाने दुसऱ्याच आठवड्यात विचारले, "पूरा नाम क्या है?" त्यानंतर भाजीच्या पातेल्याला हात लावण्यावरून कुरबुर झाली. शिकलेल्यांच्या अमेरिकेतही हे आहेच. नसते तर २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला नसता. पण तिथे निदान कायदा झाला. कुवेतच्या खोलीत पातेले वेगळे झाले, एवढेच झाले.

पुढे १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या सहा मजली इमारतीला पहाटे आग लागली. जवळजवळ पन्नास माणसे गेली, त्यांतली बहुतेक भारतीय. मावसभावाचा फोन आला. "ताई, टीव्ही बघितलास का? आम्ही अशाच बिल्डिंगमध्ये राहत होतो," एवढेच बोलून त्याने फोन ठेवला.

पण मी पुढचे आधी सांगितले. मंगाफच्या आधी, ७ फेब्रुवारी २०२४ ला, रमाईची जयंती होती.

विहारात दरवर्षीप्रमाणे महिला मंडळाचा कार्यक्रम झाला. मुलींनी भाषणे केली. संध्याकाळी यांचे मामा घरी आले. मामा मोठे, मानाचे, समाजात वजन असलेले. तोपर्यंत आमच्या घरातली गोष्ट नातेवाइकांत पसरली होती, आणि मीच आडवी येते आहे, असेही पसरले होते. मामांनी चहा घेतला आणि भिंतीवरच्या फोटोकडे हात करून म्हणाले, "सूनबाई, रमाईने शेण्या थापून संसार केला, पोरे डोळ्यांसमोर गेली, पण साहेबांच्या पायात बेडी घातली नाही. आज सकाळी तूच तिथे हार घातलास ना? मग नवऱ्याला का अडवतेस?"

मला काही बोलता आले नाही. रमाईचे नाव घेतल्यावर आपल्या घरातल्या बाईला काय बोलता येते? लहानपणापासून आईने, आजीने तेच नाव घेऊन सोसायला शिकवले. चूल पेटत नव्हती तेव्हा रमाई, नवरा दारू पिऊन आला तेव्हाही रमाईच.

तेव्हा बाजेवरून सासूबाई बोलल्या. त्या घरात अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, "रमाईले कोनी इचारं व्हतं का?"

मामा गप्प झाले. सासूबाई शांतच होत्या. मग त्यांनी उकाईचे सांगितले, जे मी सोळा वर्षांत कधी ऐकले नव्हते. सासरे निघाले तेव्हा त्यांनाही कोणी विचारले नव्हते. त्यांनी आठ दिवस वाट पाहिली, कडेवर मोठे पोर घेतले, गाठोडे बांधले आणि माणसांना विचारत विचारत धरणावर जाऊन पोहोचल्या. तिथे पाट्या वाहिल्या. मामांनी, म्हणजे त्यांच्याच भावाने, तेव्हा त्यांना हट्टी म्हटले होते, हेही त्यांनी त्याला तोंडावर आठवण करून दिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी बाबासाहेबांचे जाणे पहिल्यांदा नीट तारखा लावून पाहिले. १९१३ साल. २ फेब्रुवारीला रामजीबाबा गेले. यशवंतराव आदल्या डिसेंबरात जन्मलेले, म्हणजे कडेवरचे मूल. आणि जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. रमाईचे वय पंधरा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करार. मुदत संपली तेव्हा, १९१७ ला, लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. १९२० ला ते पुन्हा गेले, सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, नवल भाथेना या मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत घेऊन, ते १९२३ पर्यंत. दोन्ही मिळून सात वर्षे. ती सात वर्षे रमाईने काढली. त्या सात वर्षांतून काय उभे राहिले ते या अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे.

पण म्हणून प्रत्येक जाण्याला रमाईचे नाव लावायचे का? ते शिकायला गेले. मुदत ठरलेली, पैसा कोणाचा ते ठरलेले, परत यायचे ठरलेले. एजंटाच्या झेरॉक्सवर यातले काय होते? आणि एक गोष्ट मामांच्या भाषणात कधीच येत नाही. बाबासाहेबांनी रमाईचे सोसणे गृहीत धरले नाही. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे त्यांचे पुस्तक १९४० साली आले ते त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केले आणि तिने आपल्याबरोबर काय सोसले ते तिथे लिहून ठेवले. रमाई २७ मे १९३५ लाच गेल्या होत्या. त्यांना ते वाचायला मिळाले नाही. ज्या माणसाने ही किंमत छापून कबूल केली, त्याच्या नावाने आपल्या बायकांना किंमत विचारू नका असे सांगायचे, हे मला पटत नाही. रमाईची लेक म्हणून घ्यायला मला अभिमानच आहे. पण रमाईचे नाव घेऊन माझे तोंड बंद करणे, ही रमाईची जयंती नव्हे.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी यांना सांगितले, एवढ्या स्पष्ट शब्दांत नाही, पोळ्या लाटता लाटता, तुकड्या-तुकड्याने. मी नाही म्हणणार नाही, असेही सांगितले. फक्त व्हिजिट व्हिसावर नाही, आणि शेकडा तीनच्या पैशावर नाही. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तो कागद वाचता येत नव्हता. हिंदी वाचले. मागच्या बाजूला इंग्रजी होते, ते वाचलेच नाही. तू पण विचारले नाहीस."

खरे होते. झेरॉक्स पाठपोट होता. मागच्या बाजूचे मीही वाचले नव्हते. मुलीला वाचायला लावले. त्यात लिहिले होते की सहा महिने पगारातून कपात होईल आणि मधेच परत यायचे झाल्यास तिकिटाचा खर्च कामगाराचा. माझ्या वहीतला पहिला हिशेबसुद्धा चुकीचा होता, इतके कष्ट घेऊन.

एजंटाला फोन करून नाही कळवले. नंतर त्याने दोन-तीनदा फोन केला, मग बंद केला.

त्यानंतर जे झाले ते माझ्या डोक्यातले नव्हते, यांच्याच डोक्यातले. जून महिन्यात मुलगी दहावीला गेली. यांनी काकांना विचारून सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा. वय ४२. वर्कशॉपमधल्या मुलांनी चेष्टा केली. मामा म्हणाले, आता शिकून कोणता कलेक्टर होणार? काकांनी मात्र एक बारीक गोष्ट सांगितली, "दहावी झालास की तो शिक्का पडणार नाही, पण मग कुंपणही राहणार नाही. सरकार तुझा करार तपासणार नाही. तुझा तुलाच वाचावा लागेल." हे म्हणाले, "त्यासाठीच बसतो आहे."

एका घरात बाप आणि लेक एकाच परीक्षेला. रात्री लाइट जायची तेव्हा एकाच बॅटरीत दोघे. ती त्यांना इंग्रजीचे उतारे समजावून सांगायची आणि चिडायची, हे गप्प ऐकून घ्यायचे. भूमिती तिला येत नव्हती आणि यांना येत होती, कारण अँगल कापून कापून यांना कोन हाताने कळतो. पण लिहिता येत नव्हता. मे २०२५ मध्ये निकाल लागला. मुलगी ७८ टक्क्यांनी पास झाली. हे गणितात राहिले, बाकी सगळे विषय निघाले. इंग्रजीत ३८. त्या ३८ ची मार्कशीट यांनी वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवली. पुरवणी परीक्षेला गणित निघाले, काठावर.

मुलीने अकरावीला विज्ञान घेतले आहे. तिच्या तोंडात परदेश आता वेगळ्या अर्थाने येतो. सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात तिने विहारातल्या फळ्यावर वाचली आहे, आणि ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे हे तिला तोंडपाठ आहे. अजून पदवी लांब आहे. मी काही बोलत नाही.

घरातली तूट संपलेली नाही. गटाचा हप्ता अजून वर्षभर आहे. यांना लोणखेड्याकडच्या एका शेडच्या कामात तीन महिने चांगले मिळाले, आता पुन्हा रोजावर. जायचा विचार यांनी सोडलेला नाही आणि मी सोडा म्हटलेलेही नाही. काकांनी यादीतल्या दोन नोंदलेल्या एजंटांची नावे काढून दिली आहेत. वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे की किती दिवसांसाठी जायचे, किती पाठवायचे, आणि कोणत्या महिन्यात परत यायचे. खाली यांची सही आहे, माझी आहे. सासूबाई म्हणाल्या माझाही अंगठा घ्या, तो शाईच्या पॅडवरून घेतला.

मागच्या रविवारी काकांच्या घरी बसून पासपोर्टचे अर्ज भरले. एका अर्जाला १,५०० रुपये. शिक्षणाच्या रकान्यापाशी हे थोडे थांबले, मग काकांना म्हणाले, लिहा दहावी. नाशिकची तारीख मिळाली आहे. काकांनी एकच अर्ज काढून ठेवला होता. मी शिवणकामाचे पैसे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "काका, अजून एक काढा. माझा."